भानुमतीनं लुटलेलं वाण

ब्लाउज शिवणाऱ्या बाईपासून पाठ लपत नाही. डॉक्टरपासून लपवता येते, आईपासून तर येतेच येते. पण मापाची टेप खांद्यावरून खाली आली की वळ कशाचा, पट्ट्याचा की काठीचा, कालचा की आठवड्याचा, हे शिवणारीला कळतं. जबलपुरात, अधारतालच्या मुख्य रस्त्यावर, पीठगिरणी आणि मोबाइलचं दुकान यांच्या मधे अंग चोरून बसलेलं भानुमती केकरेचं दुकान आहे. पडद्याआड माप घेताना तिनं जे पाहिलं ते बोलून दाखवायचं ठरवलं, तर वस्तीतले निम्मे सज्जन तोंड लपवत नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून जातील. पण ती बोलत नाही. ब्लाउजची पाठ थोडी वर शिवून देते, वळ झाकला जावा म्हणून.

या विषयाचं शिक्षण तिला घरातच मिळालं होतं. वडील शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी शिस्त. आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर जबलपूरला आले, असं ते छाती काढून सांगत. फौज गेली, राज्य गेलं, तलवार कुण्या पणज्यानं विकून खाल्ली; मारायची सवय तेवढी वंशात टिकली. लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर मारायची, ही त्यांची खास पद्धत. या पोरीला पुढे सुईवर पोट भरायचं आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार? थंडीच्या दिवसांत भानुमतीची मधली दोन बोटं अजूनही वळत नाहीत.

मग लग्न झालं अविनाश केकरेशी. तो ट्रान्सपोर्टमध्ये होता, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. उरलेले निम्मे दिवस घरी असायचा, हे तिचं दुर्दैव. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून एकदा त्यानं असा हात चालवला की तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजली आणि मग त्या कानात काही वाजेनासंच झालं. तिच्याशी बोलायचं तर तेव्हापासून उजवीकडे उभं राहावं लागतं. पुढे अविनाश वाळत गेला, खोकत गेला, आणि एक दिवस गेलाच. घरच्यांनी लोकांना टीबी सांगितला. डॉक्टरांनी भानुमतीला बाजूला घेऊन आजाराचं खरं नाव सांगितलं आणि तिचंही रक्त तपासलं. ते स्वच्छ निघालं.

"मी काहून वाचली, सांगू?" ती कधीतरी म्हणते. "शेवटची वर्षं तो मला नुसता मारे. जवळ येत नसे. मारानंच वाचवलं मला." आणि हसते. ऐकणाऱ्याला ते हसू पचत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिरानं तिला केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. "तूच आणलं हे घरात!" तिचा रिपोर्ट बघायला कुणाला सवड नव्हती. खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि विधवेचं डोकं नेहमी हाताशी असतं. एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन ती अधारतालला आली.

क्षमा दीदी तिच्याकडे आली ती साडीला फॉल लावून घ्यायला. क्षमा एका लहानशा संस्थेत काम करायची. एचआयव्हीची तपासणी ज्याची त्यानं घरीच करावी, असं किट ती संस्था वाटत होती. बोटाला टोचायचं, रक्ताचा एक थेंब टाकायचा, थोडं थांबायचं. एक रेघ उमटली तर ठीक. दोन उमटल्या तर दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी करायची. आणि दुसरी गोष्ट म्हणजे गोळी. ज्याला आजार नाही त्यानं रोज एक घ्यायची, म्हणजे आजार असलेल्या माणसाबरोबर राहूनही तो आपल्याला लागत नाही.

हे ऐकल्यावर भानुमतीनं कात्री खाली ठेवली आणि क्षमावरच डाफरली. "मग ही गोळी माझ्या वेळेला कुठं मेली होती?"

पण त्या दिवसापासून भानुमती संस्थेची झाली. गिऱ्हाइकांतली एखादी बाई घाबरत घाबरत काही विचारू लागली की ती पडद्याआड किट द्यायची आणि कसं वापरायचं ते समजावून सांगायची. क्षमाचा नियम एकच होता. ज्याला हवं त्यालाच द्यायचं, त्याच्या राजीखुशीनं, आणि नीट समजावून. भानुमतीनं तो नियम पाळला, समिधा भेटेपर्यंत.

समिधा दुकानात पहिल्यांदा आली ती सासूच्या, कुंदाबाईंच्या, मागे मागे. भंडाऱ्याची पोर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. नवरा दिवाकर एका फायनान्स कंपनीसाठी हप्ते थकलेल्या लोकांच्या गाड्या उचलून आणायचा. चार पोरं सोबत घ्यायची, रस्त्यात गाडी अडवायची, चालवणाऱ्याच्या दोन कानाखाली ठेवून द्यायच्या आणि किल्ली काढून घ्यायची. असला हात घरी येताना दारात चपलांजवळ काढून ठेवता येत नाही. भानुमतीनं पाठीवर टेप ठेवली तशी पोरगी शहारली. कमरेपासून मानेपर्यंत पाठ निळी होती.

पुढच्या खेपेला कुंदाबाई दळण टाकायला शेजारी गेल्या, तेवढ्यात समिधानं कमरेला खोचलेली एक पांढरी बाटली काढली.

"काकू, हे यांच्या गाडीच्या डिक्कीत सापडलं. ताकदीच्या गोळ्या आहे म्हणतात. मग वरचं नाव काहून खरडलं?"

लेबल नखानं ओरबाडलेलं होतं. झाकणावर धूळ होती आणि आत गोळ्या जवळजवळ भरलेल्या. क्षमाच्या कपाटात भानुमतीनं ह्याच आकाराच्या, ह्याच छापाच्या गोळ्या पाहिल्या होत्या. आजार झालेल्या माणसानं त्या जन्मभर, न चुकता घ्यायच्या. न चुकता घेतल्या तर तो ठणठणीत राहतो आणि त्याच्यामुळे बायकोलाही काही होत नाही. ह्या शूरानं त्या घेतल्याच नव्हत्या. दुसऱ्यांच्या गाड्या भर रस्त्यात ओढून नेणारा माणूस एका गोळीला घाबरला होता.

भानुमतीनं पोरीला खरं काय ते सांगितलं. समिधा रडली नाही. "मलाही लागलं असेल का?" एवढंच तिनं विचारलं.

आता हे कळायलाच हवं होतं, आणि रक्त अजून स्वच्छ असेल तर दुसरी गोळी, राखणीची, समिधाच्या पोटात जायला हवी होती. दिवाकरचा आजार तिच्यात उतरायच्या आत. पण कसं? कुंदाबाई तिला एकटीला कुठे सोडत नसत. पडद्याआड जरा उशीर झाला की बाहेरून खाकरत. ब्लाउजची पिशवीसुद्धा घरी नेताना उलटी करून झटकत. त्याच वेळी परत आलेल्या कुंदाबाई बाहेरून म्हणाल्या, "चल गं, शुक्रवारी विनताताईकडे हळदीकुंकवाला जायचं आहे, तेव्हा घालायला पाहिजे हे ब्लाउज." आणि भानुमतीच्या डोक्यात किडा वळवळला.

विनता बक्षी म्हणजे निवृत्त शिक्षिका आणि मराठी मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्या. दर संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकू, आणि वाण लुटायचं ते काहीतरी नवं. भानुमतीनं त्यांना सुचवलं की ब्लाउजांच्या उरलेल्या कापडाचे बटवे मी शिवून देते, आणि प्रत्येक बटव्यात हे किट घाला. सगळ्यांना एकच वाण, म्हणजे कुणा एकीकडे बोट दाखवलं जाणार नाही. "किती छान सामाजिक उपक्रम!" विनताताई म्हणाल्या. प्रकरण अंगावर आल्यावर ह्याच विनताताई म्हणणार होत्या, "मला वाटलं, आत साबण आहे."

वाटायला दिलेली सगळी किट काढताना क्षमाला भानुमतीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

हळदीकुंकवाच्या दुपारी भानुमती विनताताईंच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या दुधाचे ग्लास भरत बसली. विधवेनं बाहेर येऊ नये, असं विनताताई म्हणाल्या नाहीत. त्या सुशिक्षित आहेत. "तेवढं आतलं बघाल का?" असं म्हणाल्या. बाहेर बायकांनी अत्तर लावलं, उखाणे घेतले, तिळगूळ वाटले आणि जरीच्या दोरीचे बटवे पर्समध्ये टाकून घरोघर गेल्या. दारातून जाताना समिधानं आत पाहिलं. भानुमतीनं मान हलवून तिला खूण केली, एकटीनं उघड.

चूक कुठे झाली? नवऱ्यामागून ज्या बाईला कुणी कधी वाण दिलं नाही, तिला वाण घरी नेल्यावर आधी कुठे जातं ते कसं आठवणार? ते आधी देवापुढे जातं. कुंदाबाईंसारख्या बाया वाण तसंच वापरायला काढत नाहीत. देव्हाऱ्यात ठेवतात, वर हळदकुंकू वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी पूजा झाली की घरातल्या सगळ्यांसमोर उघडतात. भानुमतीच्या सासरी हेच होतं, माहेरीही हेच. विसरली. आणि पोरीनं सासूला नको म्हटलं असतं तर सासूनं लगेच विचारलं असतं, काहून नको?

काही घरांत ह्याची गंमतच झाली. एका घरी बटवा उघडल्यावर आजोबांनी ते शुगरचं यंत्र समजून स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. एका घरी नवराबायकोनं आधी तासभर भांडण केलं, मग दोघांनी तपासणी केली आणि चहा प्यायले. पुष्कळ बटवे कचऱ्यात गेले. पण दिवाकरच्या घरी, सकाळची आरती झाल्यावर, कुंदाबाईंनी हौसेनं दोरी सोडली आणि खोका मुलाच्या हातात दिला. "वाच बरं, काय आहे."

चोराच्या मनात चांदणं. बटवे घरोघर गेले आहेत हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याला वाटलं की डिक्कीतली बाटली सापडली, जगाला कळलं, आणि बायकोनं देवापुढे आपला पंचनामा मांडला. त्यानं पूजेचा पाट उचलला आणि समिधाच्या तोंडावर मारला. ती पडली तशी हातावर मारला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज कुंदाबाईंना स्पष्ट ऐकू आला. "कोणी दिलं? बोल, कोणी दिलं?" तो लाथेगणिक विचारत होता, आणि कितव्या तरी लाथेला समिधाच्या तोंडून नाव निघालं. त्यानं तिला खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि तो निघाला.

भानुमती इस्त्री तापवून एका ब्लाउजची बाही दाबत होती. तो डाव्या बाजूनं आला म्हणून तिला पावलं ऐकू आली नाहीत. पहिला फटका बसला तेव्हाच ती वळली. कापड मोजायचा लोखंडी गज त्यानं भिंतीवरून काढला होता.

"काहून दिलं माझ्या घरी? काय समजून राहिली तू मला?"

दुसरा फटका खांद्यावर, तिसरा कानशिलावर. त्यानं मशीनला लाथ घातली. ते उलथून तिच्या पायावर पडलं. मग त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि डोकं कटिंगच्या टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. भानुमती ओरडली. गिरणीवाल्यानं ऐकलं, मोबाइलवाल्यानं ऐकलं, समोरच्या चहावाल्यानं ऐकलं. बाईचं ओरडणं म्हणजे घरगुती मामला, असं मानणारी ही भली माणसं. जागची हलली नाहीत. तिसऱ्यांदा डोकं टेबलाकडे जाताना तिचा हात आंधळेपणानं सरकला आणि इस्त्रीच्या मुठीवर पडला. तिनं ती उचलली आणि त्याच्या दंडावर दाबून धरली. चर्र आवाज आला. कातडी इस्त्रीला चिकटली, तरी तिनं हात मागे घेतला नाही.

आता दिवाकर ओरडला, आणि पाहता पाहता अख्खा रस्ता गोळा झाला.

"अरे, क्या हो गया भैया?"

"ये औरत घर-घर में एड्स बाँट रही है!" दंड धरून तो रस्त्यावर नाचत होता. "पूछो इससे! पूजा के सामान में डाल के भेजती है!"

ज्या लोकांना आतापर्यंत दोन पावलं टाकायची नव्हती, त्यांनी दगड उचलले. पहिल्या दगडानं काचेचं शोकेस फुटलं, दुसरा भानुमतीच्या छातीला लागला. लंगडत तिनं शटर खाली ओढलं आणि आतून कुलूप घातलं. बाहेर दगड आदळत राहिले. ज्यांचे शर्ट तिनं रफू करून दिले होते, त्यांचे आवाज तिला ओळखू येत होते.

तेवढ्यात मागच्या गल्लीतलं दार वाजलं. भानुमतीनं कात्री हातात धरूनच ते उघडलं. समिधा उभी होती. ओठ फाटलेला, पदर रक्तानं भिजलेला, एक हात दुसऱ्या हातानं धरलेला. तिच्या मागे कुंदाबाई. कडी त्यांनीच काढली होती.

"आत घ्या आम्हाला," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या कनवटीला तो बटवा होता. "वाण आहे. घेतलेलं वाण परत करता येत नाही. जे काय करायचं असते ते करा हिला."

"तुम्हाला माहीत होतं?" भानुमतीनं विचारलं.

कुंदाबाई जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. आईला माहीत नसतं असं काय असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्या गप्प बसल्या होत्या, आणि मुठीत सून गुदमरत होती.

भानुमतीनं पोरीचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला आणि किट उघडलं. समिधानं रक्ताळलेला ओठ पुढे केला. "घ्या ना, काकू. इथं तर वाहूनच राहिलं."

"हे चालत नाही, बाळा. बोटातलंच लागते."

एवढं रक्त सांडलं होतं, दुकानात, देव्हाऱ्यापुढे, पदरावर. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. भानुमतीला भयंकर संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. तिनं पोरीचं धड असलेलं बोट स्वच्छ पुसलं आणि टोचलं. तेवढ्याशा टोचणीनं समिधा पहिल्यांदा रडली.

तिघी वाट बघत बसल्या. बाहेर कुणीतरी शटरवर लोखंडी काहीतरी आपटत होतं. पट्टीवर एक रेघ उमटली. दुसरी जिथे उमटायची तिथे तिघींचे डोळे खिळले होते. वेळ संपली. दुसरी उमटली नाही.

फोनवर क्षमा आधी भानुमतीला ताडताड बोलली, जे बोलायचं ते सगळं, आणि भानुमतीनं ते निमूट ऐकलं. मग क्षमानं विचारलं, नवरा शेवटचा जवळ कधी आला होता? भानुमतीनं समिधाकडे पाहिलं.

"काल," समिधा म्हणाली. "मी नको म्हणत होते."

कुंदाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

म्हणजे ही रेघ भरवशाची नव्हती. कालचं आज दिसत नाही. पण अजून वेळ गेली नव्हती. तीन दिवसांच्या आत आधी तातडीचं औषध सुरू करायचं, महिनाभर, मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतर रोजची राखणीची गोळी. क्षमा पोलिसांना घेऊन आली, रस्ता रिकामा झाला, आणि दवाखान्यात समिधाच्या हाताला प्लास्टर घालायच्या आधी तिच्या पोटात पहिली गोळी गेली.

इथवर सांगून थांबलो तर सगळ्यांना बरं वाटेल. पण भानुमतीचं आयुष्य कुणाला बरं वाटावं म्हणून चालत नाही. समिधा तिच्याकडे दुकानामागच्या खोलीत राहिली, प्लास्टर निघेपर्यंत. औषध पूर्ण झालं, पुन्हा तपासणी झाली, पुन्हा एकच रेघ आली, आणि रोजची गोळी सुरू झाली. दरम्यान मध्यस्थ आले. दिवाकरच्या मामांनी समजूत घातली, भंडाऱ्याहून आईनं फोनवर रडून सांगितलं की नवऱ्याचं घर ते नवऱ्याचं घर. मारल्याची तक्रार इकडून मागे, भाजल्याची तिकडून मागे, असा सौदा ठरला. आणि एका सकाळी समिधा पिशवी भरायला लागली.

"जाऊन राहिली तू?" भानुमतीनं विचारलं. "त्याच घरी?"

"गोळी घेतली तर तो आजार मला होत नाही ना, काकू?"

"नाही होत. रोज घेतली तर."

"मग झालं. बाकीचं मी सहन करीन."

भानुमतीचा हात उठला आणि समिधाच्या गालावर फाडकन बसला. बोटं उमटली. समिधानं प्लास्टरमधून नुकताच सुटलेला बारीक हात डोक्यावर धरला आणि ती कोपऱ्यात सरकली, सवयीनं, पुढच्या फटक्याची वाट बघत. ते पाहून भानुमती खाली बसली. आपल्या हातात वडील आहेत, नवरा आहे, आणि हा दिवाकरसुद्धा आहे, हे तिला त्या क्षणी दिसलं आणि ती स्वतःलाच भ्याली.

"जा," शेवटी ती म्हणाली. "पण बाटली इथं राहील. घरी नेशील तर तो फेकून देईल. रोज सकाळी इथं येऊन माझ्यासमोर घ्यायची. एवढं कबूल कर."

समिधानं कबूल केलं आणि पाळलं. कुंदाबाई दळणाचा डबा घेऊन तिला रोज आणायच्या. गव्हाचं पीठ एवढं कसं संपतं, असं गिरणीवाल्यानं विचारलं, तर त्या त्याच्यावरच खेकसायच्या. भानुमती पेला भरून ठेवायची, समिधा गोळी गिळायची, आणि दोघी परत जायच्या. कधी गालावर नवा डाग असायचा, कधी नसायचा. भानुमती काही विचारायची नाही. तिला आपल्या हाताचा भरवसा वाटत नव्हता.

मग एका सकाळी दोघी आल्याच नाहीत. भानुमतीनं गिरणीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, हातातली बाही उसवून पुन्हा शिवली. ऊन चढलं. तिनं बाटलीतून एक गोळी काढून रुमालात बांधली, बाटली कमरेला खोचली आणि शटर अर्धं ओढून ती निघाली. चहावाला म्हणाला, "दीदी, मत जाओ वहाँ." तिनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दार उघडंच होतं. कुंदाबाई पायरीवर बसल्या होत्या, कपाळावर खोक, डोळे कोरडे. आत दिवाकर पट्टा हातात गुंडाळून उभा होता, घामाघूम. समिधा चुलीच्या ओट्याखाली पडली होती. एक डोळा पूर्ण मिटलेला, जबडा सुजून चेहऱ्याचा आकार बदललेला.

"तू इथं काहून आली?" दिवाकर म्हणाला.

भानुमती त्याच्या शेजारून पुढे गेली. माठातून पेला भरला, जमिनीवर बसली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ उघडत नव्हते. तिनं करंगळीनं ते हलकेच विलग केले, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी थेंबथेंब सोडलं. समिधाचा गळा हलला. एकदा ठसका लागला, मग गोळी उतरली.

"घेतली," समिधा पुटपुटली. उजव्या कानाशी बोलत होती म्हणून ऐकू आलं. "आता न्या मला, काकू. नाही सहन होत."

भानुमतीनं तिला काखेत धरून उभं केलं. दोघी दाराकडे निघाल्या. मागून पट्टा आला आणि भानुमतीच्या मानेवर बसला, मग पाठीवर, मग पुन्हा पाठीवर. ती वळली नाही, थांबली नाही; पोरीला फक्त आपल्या पुढे घेतलं. चौथ्या वेळी पट्टा आला नाही. पायरीवरच्या कुंदाबाई उठून आत गेल्या होत्या आणि दोन्ही हातांनी मुलाचा हात धरून लटकल्या होत्या.

रस्त्यावर माणसं उभी होती, ह्या वेळी हातात काही नव्हतं. कुणीतरी ऑटो थांबवला. समिधाला आधी बसवून भानुमती आत चढली, तिच्या पाठीचं रक्त सीटला लागत होतं. पोलीस चौकी, मग दवाखाना, असं तिनं ऑटोवाल्याला सांगितलं.

ऑटो सुरू झाल्यावर समिधानं तिचा पदर ओढला.

"उद्याची गोळी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," भानुमती म्हणाली.